गिनीपिगचे दुसरे जेवण

एखाद्याचे पोट अन्न कसे पचवते हे तुम्ही विचारत नाही, पण त्याला घाणेरडा ठरवायला तुम्हाला क्षणही लागत नाही. मुलांनो, असे वागणाऱ्यांचीच ही गोष्ट आहे.

एका घराच्या परसात, पेरूच्या झाडाखाली, जाळीच्या पेटीत एक गिनीपिग राहत असे. त्याच्या जातीचे तिथे दुसरे कोणी नव्हते. संध्याकाळी पोपट, मांजर आणि कोंबडी जाळीपाशी चार शब्द बोलत, तेवढीच त्याची सोबत. एके दुपारी फांदीला टांगलेल्या पिंजऱ्यातून पोपटाने पाहिले, की गिनीपिग मान खाली वळवून स्वतःची मऊ लेंडी तोंडात घेतो आणि चावतो. कोरड्या लेंड्या तो टाकून देई, मऊ मात्र खाई. पोपटाने परसभर बातमी केली. आपण तर आपली घाण मातीखाली झाकतो, असे मांजर नाक मुरडून म्हणाली. "याच्याकडचं जेवणाचं आमंत्रण नको रे बाबा," पोपट म्हणाला. त्या दिवसापासून जाळीपाशी कोणी फिरकेना.

आपण असे का करतो, हे गिनीपिगलाही सांगता येईना. आई जवळ असती तर तिला विचारले असते. शेवटी त्याने मऊ लेंडी खाणे सोडले. सोबत परत आली. "आता कसा माणसात आलास," पोपट म्हणाला. पण पोटभर गवत खाऊनही गिनीपिग वाळत चालला. केस राठ झाले. बोलणारे भोवती जमत, आणि त्याला उठून जाळीपर्यंत जायचे बळ नसे.

त्याच सुमारास परसात एक शेळी आणून बांधली. तिच्यापुढे चारा नव्हता, तरी तोंड हलत होते. काय खाता मावशी, असे गिनीपिगने विचारले.

"सकाळचंच," शेळी म्हणाली. "गिळलेलं परत वर आणून चावते. एका खेपेला पाल्यातलं सगळं कुठं अंगी लागतं?"

गिनीपिगने खालच्या आवाजात आपले सांगितले. शेळी हसली नाही. "मग तुझंही तेच की. माझं वरच्या वाटेनं येतं, तुझं खालच्या. खा बाळा, नाहीतर मरशील."

तो सगळ्यांदेखत खाऊ लागला. पोपटाने पाठ फिरवली, मांजर भिंतीवरून निघून गेली. गिनीपिगच्या अंगावर पुन्हा मांस चढले, केस मऊ झाले. शेळीला लवकरच दुसरीकडे नेले. संध्याकाळी तो एकटाच गवत चावत बसे.

तात्पर्य : ज्याच्या त्याच्या शरीराची रीत आधी समजून घ्या, आणि समजून न घेता हसणाऱ्यांच्या सोबतीसाठी आपल्या जिवाला हवे ते सोडू नका.

पुढे एका संध्याकाळी कोंबडी इकडेतिकडे पाहत जाळीपाशी आली आणि हळूच म्हणाली, "कुणाला सांगू नकोस, पण पोटात दाणे दळायला मी रोज खडे गिळते."