भाजलेली माती

"आणखी काय काय धुऊ, महाराज?"

पद्माकरशास्त्री विचारत होता केशवगिरींना, पण डोळे होते रोपांवर. शंभर रोपं, आणि शंभरही पिवळी.

कुमाऊंतल्या त्या डोंगराची एक कड दोन वर्षांपूर्वी ढासळली होती. उघड्या दरडीवर उतीस नावाचं झाड तेवढं तग धरतं. म्हणून केशवगिरींनी अट घातली होती, शंभर उतीस जगव, मग दीक्षा. पद्माकर वाईचा, वेदान्त तोंडपाठ. झाडं लावणं म्हणजे त्याला हातचा मळ वाटला.

"काय काय केलंस त्ये सांग बरं," केशवगिरी म्हणाले. मूळचे संगमनेरकडचे. चाळीस वर्षं हिमालयात काढली, पण जिभेवरून गाव काही उतरलं नव्हतं.

"ओढ्याकाठची रोपं उपटून आणली. माती चाळली, तव्यावर भाजली. किडामुंगीचा मागमूस राहू दिला नाही."

"आन् मुळं?"

"मुळांना गाठी होत्या, फोडांसारख्या. रोगच तो. एकूण एक गाठ नखानं खुडली. मग मुळं तीनदा धुतली."

केशवगिरी वाकून एका रोपाचं पिवळं पान न्याहाळू लागले.

रागावले असते तर बरं, असं पद्माकरला वाटून गेलं.

केशवगिरींच्या मठात येऊन त्याला वर्ष झालं होतं. या वर्षात तो कुणाच्या हातचं पाणीही प्यायला नव्हता. खालच्या वाडीतल्या बायका भाजी घेऊन येत, आणि हा दुरूनच हात जोडून त्यांना वाटेला लावी. स्वतः रांधायचं, स्वतः खायचं. ज्याला कुणाची गरज नाही तोच संन्यासी, असं त्याचं ठाम मत होतं. बायका आपसात हसत, पण ते त्याच्या कानापर्यंत पोचत नसे.

"चला, शास्त्रीबुवा."

दरडीच्या वरच्या अंगाला एक जुना उतीस होता. केशवगिरी त्याच्या बुंध्याशी बसले आणि हातांनीच माती उकरू लागले. एक मूळ वर आलं. त्याला गाठींचा मुठीएवढा झुबका लगडला होता.

"ह्या झाडाला किती वर्सं झाली आसतील?"

"साठ तरी..."

"मंजी साठ वर्सं रोगानंच जगलं म्हनायचं."

पद्माकरनं वाकून त्या गाठींना बोट लावून पाहिलं.

"ह्या गाठीत जीव ऱ्हात्यात. डोळ्याला दिसत न्हाईत. मातीतनं येत्यात आन् मुळात बिऱ्हाड करत्यात. हवेतलं खत झाडाला देत्यात, झाड त्यांना पानातली साखर देतं. तू हुतं त्ये बिऱ्हाड हाकललंस. नवं कुठनं यावं, तर मातीबी भाजलीस."

पद्माकरनं खालच्या पिवळ्या रोपांकडे पाहिलं. "म्हणजे माझी दीक्षा गेली, महाराज."

केशवगिरींनी झाडाखालची काळी माती त्याच्या उपरण्यात ओंजळीओंजळीनं भरली.

"ही घाल रोपांना. ज्यांच्यात धुगधुगी आसंल, ती हिरवी हुतील."

मग त्याच हातांनी त्यांनी झोळीतून नाचणीची भाकरी काढली. वाडीतल्या कुणीतरी सकाळी दिलेली. मोडून अर्धी त्याच्यापुढे धरली.

पद्माकरनं त्या हातांकडे पाहिलं. नखांत माती होती. भाकरीवर बोटांचे काळे ठसे उमटले होते.

...

केशवगिरींचा हात तसाच पुढे राहिला.

त्यानं भाकरी घेतली. पहिला घास तोंडात फिरत राहिला, मग कसाबसा गिळला. त्याला लाज वाटली, आणि भूकही किती लागली होती ते तेव्हा कळलं. दुसरा घास त्यानं न थांबता घेतला.

"मग... दीक्षा कधी, महाराज?"

केशवगिरी उठले. हात अंगावरच्या छाटीला पुसले.

"भाकरी कोरडी लागंल. खाली वाडीत जा, पयल्याच घरात वाईच ताक माग."