थोरल्याच्या पंखावरचं ठिगळ

अख्खं गाव एका विमानात बसवायचं, असं माणसांनी मनावर घेतलं होतं, तेव्हाची ही गोष्ट.

कारखान्यातून तसलं पहिलं विमान बाहेर पडलं. त्याला सगळे थोरलं म्हणत. पण चाचणीसाठी त्याच्या पोटात खुर्च्यांऐवजी पाण्याची पिंपं भरली. पंख कुठवर वाकतो ते बघताना तो तडकला, आणि तिथे ठिगळ बसलं.

मग धाकटं घडलं. त्याला मऊ खुर्च्या मिळाल्या, चकचकीत रंग मिळाला. विमान कंपनीची माणसं त्याला न्यायला आली, तेव्हा नारळ फुटला, हार चढला, दृष्ट लागू नये म्हणून नाकावर काळी तीटसुद्धा लावली.

"तीट कसली लावता? माझी नजर लागायची ती लागणारच!" थोरलं फणफणलं. "पिंपं वाहिली मी, आणि मिरवणार हे!"

धाकट्याने जमीन सोडली, तोच आडवा वारा आला. त्याचा पंख वाकला, नेमका थोरल्याचा तडकला होता तिथेच.

"दादा, मोडतोय!" धाकटं किंचाळलं.

थोरल्याला हसायचं होतं. तोंडून निघालं भलतंच.

"वाकू दे रे, घाबरू नकोस! तिथे तुला दुहेरी पत्रा घातलाय. मी मोडून पाहिलंय."