राजेसाहेबांचं दही

करंजखोऱ्याच्या रणधीरराजांना प्रत्येक वादाचा निकाल एका झटक्यात लावायची भारी हौस. एकदा भर दरबारात दोन विद्वान भांडले. हेरंबशास्त्री म्हणाले, "परंपरावाद म्हणजे पिढ्यांनी पारखलेलं जपणं. ज्याला मोडायचंय त्याने आधी कारण द्यावं."

नीळकंठपंत उसळले, "आणि उदारमतवाद म्हणजे माणसाची मोकळीक. ज्याला अडवायचंय त्याने आधी कारण द्यावं!"

"पुरे!" राजे गरजले. "एका राज्यात दोन मतं कशाला? उद्या जेवण झालं की तुमच्यातल्या एकाला वेशीबाहेर घालवतो."

दुसऱ्या दिवशी राजे पानावर बसले. दहीभाताशिवाय त्यांचं जेवण उरकत नसे. मुदपाकखान्यातल्या तुंगाक्कांनी भात वाढला आणि पुढे दोन वाट्या ठेवल्या. एकीत विरजणापुरतं उरलेलं, आंबटढाण झालेलं जुनं दही. दुसरीत नुसतं दूध.

राजे भडकले. "तुंगाक्का, हे काय? आमचं दही कुठाय?"

"काल लावायलाच बसले होते, सरकार," तुंगाक्का पदर सावरत म्हणाल्या. "तेवढ्यात आपला हुकूम कानावर आला. म्हटलं, एका राज्यात दोन नकोत, तर एका भांड्यात तरी कशाला? म्हणून जुन्या दह्याला नवं दूध दाखवलं नाही, आणि नव्या दुधाला जुन्याचं विरजण लावलं नाही. आता आपणच सांगा, यातलं कुठलं वेशीबाहेर टाकू?"

राजांनी भात कोरडाच गिळला. हात धुताना हळूच म्हणाले, "उद्या दही लावा. आणि ते दोघंही राहू देत. भांडू देत."