गाडीचे माहेर

फार फार वर्षांपूर्वी, गावांना नावे पडायच्याही आधी, नदीकाठी एक म्हातारा सुतार राहत होता. हातात कसब मोठे, पण जीभ त्याहून मोठी.

एकदा राजाने दवंडी पिटवली, "जी बैलगाडी सगळीच्या सगळी आपल्या मुलखातली असेल, तिच्यावर माझे निशाण लागेल." झाले! सुताराने राबराब राबून गाडी घडवली आणि गावभर सांगत सुटला, "जुवापासून चाकापर्यंत सगळे इथलेच!"

घरात त्याची सून होती, नदीपलीकडच्या मुलखातली. सासू गेल्यावर तिनेच घर सावरले होते. नव्या गाडीला कुंकू लावायला ती ताट घेऊन आली, तर म्हातारा म्हणाला, "तू राहू दे. या गाडीला पलीकडचा हात नको."

पोरीचे डोळे भरून आले. ती ताट घेऊन मागे सरली.

त्या गावची एक रीत होती. नवी गाडी वेशीबाहेर जाण्याआधी घडवणाऱ्याने तिच्या एकेका भागावर हात ठेवायचा आणि त्याचे माहेर सांगायचे. गाडीवर हात ठेवून खोटे बोलायची कुणाची छाती होत नसे.

राजाचा कारभारी निशाण घेऊन आला. सुताराने फळ्यांवर हात ठेवला. "हा आंबा आपल्या बांधावरचा." लोक खूश झाले. मग हात चाकाच्या लोखंडी धावेवर गेला आणि म्हातारा अडखळला. "हे लोखंड... डोंगरापलीकडचे." पुढे दोन्ही चाके जोडणारा आस आला. "ही बाभूळ नदीपलीकडची. इथली एवढे ओझे पेलत नाही."

कारभाऱ्याने निशाण गुंडाळले. "म्हणजे गाडी तुमची नाहीच म्हणायची."

"नाही कशी?" म्हातारा उसळला. "ही धाव, हा आस आता आमच्या जोंधळ्याची पोती वाहणार, आमच्या दगडधोंड्यांत झिजणार. मग ते परके कसे?"

बोलता बोलता त्याची नजर वळली. गर्दीमागे सून उभी होती. भाकऱ्या थापून, सारवून तिचे हात राठ झाले होते. ते त्याला आज पहिल्यांदा दिसले.

"चुकलो गं पोरी," तो म्हणाला. "ये, कुंकू तूच लाव."

ताट म्हाताऱ्याने धरले आणि तिने गाडीला कुंकू लावले. निशाण हुकले ते हुकलेच. पण पुढे कुणी "सून कुठली?" असे विचारले, की तो आधी तिच्याकडे बघे आणि मग सांगे, "आमचीच की!"

लहानथोरांनो, जन्म कुठेही होवो, जे आपल्यासाठी झिजते ते आपलेच.