कोरड्या मोऱ्यांचं राज्य

त्या राज्यात मांजरं राहत होती आणि त्यांच्यातलं कोणीही कधी आंघोळ करत नव्हतं. तरीही प्रत्येक घरात मोरी होती. घरं कोणी बांधली हे कोणालाच ठाऊक नव्हतं. बांधणाऱ्याला पाण्याची हौस असावी, एवढंच मांजरं हसत म्हणत. मोरीच्या कोपऱ्यात एक भोक, त्यावर लोखंडी जाळी, जाळीखाली वाकडा नळ, आणि सगळ्या घरांचे नळ जमिनीखाली एका मोठ्या गटाराला मिळून नदीकडे गेलेले. मांजरांना याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. ती जिभेनं स्वच्छ होत आणि तहान लागली तर पानांवरचं दंव चाटत. भिजणं म्हणजे त्यांच्या लेखी घाणीत लोळणंच. आपली जीभ ही जगातली सर्वांत स्वच्छ वस्तू आहे, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

मोऱ्यांमध्ये पाणी पडे ते पाणमांजरांमुळे. ती खाली नदीवर राहत. ऊन कललं की तोंडात मासे धरून, ओल्या अंगानं ती वर येत आणि आपापल्या ठरलेल्या घरी जात. माशांच्या बदल्यात त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं. मोरीत उभं राहून अंग झाडायचं, केस निथळू द्यायचे आणि निथळेपर्यंत घरातल्यांशी दोन गोष्टी बोलायच्या, एवढाच त्यांचा हक्क होता. याला अंगझाडणी म्हणत. मांजरं अंगझाडणीच्या वेळी नाक मुरडत आणि पाठ फिरवून बसत, पण मासा ताजा असे म्हणून गप्प राहत.

कवडी नावाच्या मांजरीच्या घरी लव्हाळी येत असे. लव्हाळीची आई कवडीच्या आईकडे येई, तेव्हापासूनचं ते घर. त्या वर्षी कवडीला चार पिल्लं झाली. त्यांचे डोळे अजून उघडले नव्हते. लव्हाळी आली, मासा ठेवला आणि मोरीकडे जायच्या आधी टोपलीवर वाकली. "बघू तरी, कोणाच्या वळणावर गेलीत!" असं म्हणेपर्यंत तिच्या मिशीवरून एक गार थेंब सुटला आणि सर्वांत धाकट्या पिल्लाच्या मानेवर पडला. ते शेंडेफळ किंचाळलं. कवडीच्या अंगाची लाही झाली. तिनं ती मान इतका वेळ चाटली की तिथले केस विरळ झाले, तरी तिला ती ओलीच वाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं पारावरच्या बैठकीत तोंड उघडलं. बैठकीत बोकेच बोलत, पण बाळंतिणीला कोणी अडवलं नाही. "मासा हवा तर मासा घेऊ," कवडी म्हणाली, "पण मासा आणणारीला घरात कशाला घ्यायचं? आज थेंब पडला, उद्या ती माझ्या टोपलीत बसेल." हे सगळ्यांच्याच मनात होतं, कोणी बोलून दाखवलं नव्हतं इतकंच. पारावर दौलतराव बोका बसला होता. तो राज्याचा मुखिया. बाकीच्यांचे कान कुठे वळतात ते पाहून मग आपलं मत ठरवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. कान वळलेले पाहून त्यानं फर्मावलं की मासा उंबरठ्यावर घ्यावा, पाणमांजराला आत घेऊ नये आणि मोऱ्यांच्या दारांना कड्या लावाव्यात.

लव्हाळी आली तेव्हा कवडी दारातच बसली होती.

"मासा आत आणि मी बाहेर, असं का?" लव्हाळीनं विचारलं.

"तुझं पाणी पडतं, लव्हाळे. माझी लेकरं लहान आहेत."

"तुम्ही लहान होतात तेव्हा माझ्या आईच्या पोटाखाली लपायचात, कवडीबाई. तेव्हा ती कोरडी होती वाटतं!"

कवडीला राग आला, कारण ते खरं होतं. लव्हाळीनं ठेवलेला मासा परत तोंडात धरला आणि ती उतरणीला लागली. त्या दिवसापासून पाणमांजरं वर यायची थांबली. मांजरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. माळे सुकटीनं भरलेले होते, ताज्या माशावाचून कोणी मरत नव्हतं.

मग कोरड्या मोरीचं कौतुक सुरू झालं. मांजरं एकमेकांकडे जाऊन मोऱ्या बघत. "आमच्याकडे तर भेगासुद्धा वाळल्या," असं अभिमानानं सांगत. दोनच दिवसांत मात्र जाळीतून वास येऊ लागला. हा पाणमांजरांचाच वास, भिंतींत मुरलेला, असं ठरलं आणि सगळ्यांनी मोऱ्या जिभेनं चाटून काढल्या. जो काही दमटपणा उरला होता तोही गेला. वास वाढला.

वासामागून झुरळं आली. भर दुपारी, मांजरं पसरलेली असताना, जाळीच्या प्रत्येक छिद्रातून दोन दोन मिशा वर आल्या, हलल्या, आणि मग झुरळं अशी बाहेर पडली की मोरीची फरशी दिसेनाशी झाली. शिकार करणं मांजरं कधीच विसरली होती. आयता मासा घरी येत असताना नखं झिजवायची कोणी? त्यांनी पाठी उंच केल्या, शेपट्या फुगवल्या, फिस्कारली. झुरळांना त्याचं काहीच वाटलं नाही. ती सुकटीत शिरली, अंथरुणात शिरली, झोपलेल्यांच्या मिशा कुरतडू लागली.

झुरळांच्या मागे घोणी आल्या. हातभर लांब, तांबड्या पायांच्या, झुरळांवर जगणाऱ्या. कवडी सुकट निवडत होती तेवढ्यात एक घोण टोपलीत चढली. कवडीनं झडप घातली, पण तोवर घोण डसली होती. चारांतलं एक पिल्लू सुजून, दूध न पिता, संध्याकाळच्या आत गेलं. कवडी त्याला चाटत राहिली. चाटून सगळं जातं यावर तिचा अजून विश्वास होता.

पारावर आता रोज बैठक भरे आणि रोज तेच ठरे, की ही पाणमांजरांची करणी आहे. तीच खालून हे किडे नळात सोडतात. केशरकाकू नावाच्या म्हाताऱ्या मांजरीनं तर नळातून लव्हाळीचं हसणं ऐकल्याचं सांगितलं. जाळ्यांवर दगड ठेवले गेले, पण झुरळाला दगडाखालची फट पुरते. भोकात चिंध्या कोंबल्या, तर झुरळांनी चिंध्यांतच अंडी घातली.

मांजरीनं पिल्लांना सात घरं फिरवावीत, ही त्या राज्यातली जुनी रीत. कवडीनं उरलेल्या तिघांना एकेक करून मानेला धरून उचललं आणि ती निघाली. तिला दुसरं काही नको होतं. डोळे उघडतील तेव्हा ते बघायला ही तीन जिवंत असावीत, एवढंच. पहिल्या घरी केशरकाकूनं पोटाशी जागा दिली, पण जाळी वाजली आणि कवडी उठली. दुसऱ्या घरी जाळीच नव्हती, झुरळांनी ती कधीच उचलून टाकली होती. तिसऱ्या, चौथ्या घरात घरची मांजरंच माळ्यावर राहायला गेली होती, चौथ्यातली तर गाभण होती. पाचव्यात तिला दारातून हाकललं. सहाव्यात ती झोपली नाही. उभ्यानं तिघांवर पहारा करत राहिली आणि ऊन वर येताच बाहेर पडली.

सातवं घर दौलतरावाचं होतं. तिथे एकही झुरळ नव्हतं.

कवडीनं नाक उंच करून वास घेतला. वास नव्हता, उलट ताज्या माशाचा दरवळ होता. मोरीची कडी उघडी होती. फरशी ओली होती आणि ओल्यात चार सपाट पंजे उमटलेले होते. त्या पंजांत बोटांना जोडणारं कातडं होतं. कवडी जाळीवर वाकली. वाकड्या नळात, वळणाच्या खोलगट भागात, पाणी साचून राहिलं होतं. पाण्यापलीकडे अंधारात मिशा हलत होत्या. एक घोण पाण्यापर्यंत आली, पुढचे पाय बुडवले, मागे घेतले आणि निघून गेली. ओंजळभर पाणी. कवडीच्या घरचं ओंजळभर पाणी कोणी वाळवलं, हे तिला दुसऱ्या कोणी सांगायची गरज उरली नाही.

"आमचं पाणमांजर परसदारानं येतं," दौलतराव मागून म्हणाला. त्याला लाज वाटत नव्हती, फक्त कंटाळा आला होता. "मला सुकट सोसत नाही. या वयात कोण सुकट खाणार?"

"मग बैठकीत सांगा ना! सगळ्यांच्या मोऱ्या—"

"पारावर कोण उभं राहिलं होतं, कवडीबाई? मी की तुम्ही?" त्यानं तिच्या पिल्लांकडे पाहिलं. "इथे राहा. कोपरा उबदार आहे. पण जे पाहिलंत ते पोटात ठेवा. नाही ठेवलंत तर आठवं घर शोधा."

कवडीला केशरकाकूची आठवण झाली, आणि त्या चौथ्या घरातल्या गाभण मांजरीची. तिला स्वतःची किळस आली. मग तिनं तिघांना उबदार कोपऱ्यात ठेवलं आणि ती पोटाचं वेटोळं करून त्यांच्याभोवती बसली.

पुढल्या बैठकीत कोणीतरी ओरडलं की नदीवर चला. सगळ्यांचे कान वळले आणि दौलतरावाला पुढे चालावं लागलं. मांजरं दगड, पेटती काटकी, मिळेल ते घेऊन उतरली. पाणमांजरांची बिळं काठावर होती. त्यांत धूर केला. पाणमांजरं लढली नाहीत. ती पाण्यात शिरली आणि मांजरांना जिथे पाऊल टाकवत नाही तिथून पोहत पार लांब गेली. लव्हाळीनं एकदा मागे वळून पाहिलं. कवडी त्या गर्दीत होती, तोंडात काटकी घेऊन. घरी बसली असती तर लोकांनी विचारलं असतं, का नाही आलीस.

विजयाचा मोठा गाजावाजा झाला. किडे मात्र कमी झाले नाहीत. आणि दोनच दिवसांत दौलतरावाच्या मोरीतूनही तो वास येऊ लागला. कवडीनं जाळीतून पाहिलं. वळणातलं पाणी आटून तळाशी नुसता ओला डाग राहिला होता आणि त्या डागाच्या कडेला मिशा थांबल्या होत्या. दौलतराव माळ्यावर चढून बसला आणि शिडी वर ओढून घेतली. शेंडेफळाच्या पापण्यांना फट पडू लागली होती. आठवं घर नव्हतं.

कवडी नदीकडे धावत सुटली. काठावर जळक्या बिळांचा वास होता. तिनं पाय पाण्यात घातला आणि तिला ओकारी आली. दुसरा घातला. पोट बुडालं, पाठ बुडाली, मान बुडाली. गारठ्यानं तिचा श्वास अडकला, तरी तिनं डोकं खाली घातलं आणि अंगावरचा केस न् केस पाणी पिईपर्यंत ती वर आली नाही. मग ती चढ चढू लागली. तिचे पांढरे-करडे केस अंगाला चिकटून काळपट झाले होते, शेपटी दोरीसारखी बारीक झाली होती, आणि मागे ओल्या पावलांची रांग उमटत होती.

"आलं! पाणमांजर आलं!" केशरकाकूनं पहिली आरोळी ठोकली. दारं धडाधड बंद झाली. कोणीतरी दगड मारला, तो कवडीच्या बरगडीत लागला. "मी कवडी," ती म्हणाली, पण दात वाजत असल्यामुळे शब्द नीट फुटला नाही. दुसरा दगड कानाला लागला. अंगावरचं पाणी सांडू नये म्हणून ती पळाली नाही, जपून चालत राहिली.

परसदारानं ती दौलतरावाच्या मोरीत पोहोचली तेव्हा पहिल्या मिशा जाळीबाहेर आल्या होत्या. कवडी जाळीवर उभी राहिली आणि तिनं सर्वांग झाडलं. आयुष्यात पहिल्यांदा झाडत होती, तरी अंगाला ते लगेच जमलं. पाणी भिंतींवर उडालं, फरशीवरून ओघळलं, जाळीतून गुडगुड करत खाली गेलं आणि वळणात साचलं. मिशा बुडाल्या. खालची खुडबुड दूर दूर गेली.

कवडी वळली. कोपऱ्यात, झोपलेल्या दोन भावंडांपुढे, शेंडेफळ चार पायांवर उभं होतं. त्याचे डोळे उघडले होते, निळे, गढूळ, नुकतेच. ती थरथरत त्याच्याकडे गेली आणि त्याला चाटायला वाकली. तिच्या मिशीवरून एक गार थेंब त्याच्या मानेवर पडला.

पिल्लानं पाठ उंच केली, आपली इवलीशी शेपटी फुगवली आणि तिच्या तोंडावर फिस्कारलं.