वहाणा राखण्याचा पैसा

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध गुरूंबरोबर चातुर्मासासाठी एका व्यापारी गावात येऊन राहिला होता. श्रावण सरत आला होता की भाद्रपद लागला होता, हे पुढे म्हातारपणी त्याला खात्रीने सांगता येत नसे. गुरूंचे शब्द आपल्याला जसेच्या तसे आठवतात, की वारंवार सांगून सांगून आपणच ते घडवले आहेत, अशी शंकाही त्याच्या मनात येई. पण पहिल्याच संध्याकाळी देवळाच्या पायरीवर गुरूंनी जे केले, ते त्याच्या डोळ्यांसमोरून कधी हलले नाही.

देवळाच्या दाराशी तान्हूबाई नावाची एक बाई बसे. येणाऱ्यांच्या वहाणा राखणे एवढेच तिचे काम. एका चिंधीचे ती दोन तुकडे करी. एक वहाणेत अडकवी, दुसरा धन्याच्या हातात देई, आणि एक पैसा घेई. प्रवचन संपले की चिंधीला चिंधी जुळवून ज्याच्या त्याच्या वहाणा त्याच्या पुढ्यात ठेवी.

गुरू कित्येक वर्षे अनवाणी हिंडत. तरीही त्या संध्याकाळी ते तान्हूबाईपुढे थांबले, कनवटीचा पैसा काढून तिच्या हातावर ठेवला आणि उंबरठा ओलांडून आत गेले. तान्हूबाईने त्यांच्या पायांकडे पाहिले, मग पैशाकडे पाहिले, आणि तीही सरळ माणूस म्हणून एक चिंधी फाडून अर्धी त्यांच्यामागे आत पाठवून दिली.

शिष्याला हे पटेना. ज्या गुरूंनी दक्षिणेच्या पैशाकडे कधी वळून पाहिले नाही, दिव्यातली वात सुद्धा जपून वापरायला शिकवले, ते नसलेल्या वहाणांच्या राखणीचा पैसा मोजतात!

"गुरुजी, तुमच्या पायात तर काहीच नाही."

"नाही," गुरू म्हणाले, आणि ती चिंधी त्यांनी पोथीत खूण म्हणून घातली.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. शिष्याला रात्री झोप येईना. न्याय आणि व्याकरण शिकून आलेला तो तरुण. कोणतेही कार्य कारणावाचून घडत नाही, हे त्याने घोकून पाठ केले होते. इथे तर डोळ्यांदेखत घडत होते.

गावातले लोकही या पैशाने वैतागलेले होतेच. देवळाचा कारभार एका कापडाच्या व्यापाऱ्याकडे होता. सगळे त्याला शेठ म्हणत. शेठ रोज पैसा टाकताना एकच वाक्य बोलत.

"काय गं तान्हूबाई, आज काय काम केलंस?"

"बसले, शेठ."

"बघा! बसायचे पैसे! झाडत नाही, पुसत नाही, आणि देवाच्या दारात वसुली."

"मग उद्या तुम्ही बसा. मी देते तुम्हाला पैसा," तान्हूबाई म्हणे, आणि पायरीवरचे सगळे हसत. शेठही हसत, पण तो पैसा त्यांच्या मनात खुपत राही. ते दुकानात गिऱ्हाइकाला वारभर कापड उगीच जास्त मोजून देणारे दिलदार गृहस्थ होते. तरीही हा एवढासा पैसा देताना त्यांचा चेहरा औषध घेतल्यासारखा होई.

अशातच गुरूंचा आवाज बसला. पुढची प्रवचने शिष्याने करावीत, असे त्यांनी सभेत सांगून टाकले. शिष्याने आजवर वाद जिंकले होते, पण चार साध्या माणसांना धरून ठेवील असे एक वाक्यही आपल्याला बोलता येईल की नाही, याची त्याला मुळीच खात्री नव्हती. त्याने मनाशी ठरवले: ही एकच संधी. जमले तर जन्मभर बोलू. नाही जमले तर कुणाच्या तरी पेढीवर पत्रे लिहू, पण पुन्हा आसनावर चढायचे नाही.

निदान श्रोते तरी पुष्कळ यावेत म्हणून तो शेठकडे गेला.

"शेठ, ज्ञान फुकट आणि वहाणांना पैसा, हे शोभत नाही. तो पैसा बंद करा. लोक आनंदाने येतील."

शेठना तेच हवे होते. "शास्त्रीबुवा, माझ्या मनातलं बोललात! वयानं लहान, पण व्यवहार कळतो तुम्हाला."

तान्हूबाईला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगण्यात आले. गुरूंच्या कानावर गेले तेव्हा त्यांनी पोथीतली चिंधी काढून तिची नीट घडी घातली.

दुसऱ्या दिवशी सभामंडप खच्चून भरला. शिष्याने मंगलाचरण केले, डोळे उघडले, आणि तो हबकलाच. समोर शेठ आपले नवेकोरे लाल जोडे उपरण्यात बांधून मांडीवर घेऊन बसले होते. कुणी वहाणा मांडीखाली दाबल्या होत्या, कुणी पाठीशी. ज्यांनी बाहेर ठेवल्या होत्या, त्यांच्या माना दर दोन वाक्यांनी दाराकडे वळत होत्या. एक माणूस उठला तसे त्याच्यामागे दहा उठले.

"अहो, कुठं निघालात?"

"कोण उठलं ते बघायला!"

शिष्य बोलत राहिला. घामाने त्याचे अंगवस्त्र भिजले. मध्येच बाहेरून कुणी ओरडले, "माझ्या वहाणा!" आणि अर्धा मंडप दाराकडे धावला. त्या वहाणा शेजारच्या पायरीवर सुखरूप होत्या. त्या दिवशी गावात एकही जोड चोरीला गेला नाही. पण प्रवचनातला एकही शब्द कुणाच्या घरी पोहोचला नाही. शिष्याने पोथी मिटली तेव्हा समोर दोन म्हातारे होते, आणि त्यातला एक झोपला होता.

तो गुरूंपुढे जाऊन बसला. "माझ्यात ते नाही, गुरुजी. उद्या सकाळी मी घरी जातो."

"सकाळी कशाला?" बसक्या आवाजात गुरू म्हणाले. "संध्याकाळी जा. प्रवचन करून जा."

दुसऱ्या संध्याकाळी शिष्य देवळाशी आला आणि जागच्या जागी थिजला. तान्हूबाईच्या फाटक्या पोत्यावर गुरू बसले होते. राजेरजवाडे ज्यांच्या पायांवर डोके ठेवत, ते कुंभाराच्या चिखलाळ वहाणा दोन्ही हातांनी उचलून नीट लावून ठेवत होते. पुढ्यात चिंध्यांचा ढीग होता.

"पैसा," ते प्रत्येकाला म्हणत होते.

लोकांच्या तोंडचे पाणी पळाले. एका बाईने कपाळावर हात मारून घेतला. कुणी वहाणा पाठीमागे लपवू लागले, कुणी घरी टाकून यायला पळाले. तेवढ्यात शेठ आले, आणि समोरचे दृश्य पाहून कासावीस झाले.

"महाराज! हे काय? माझ्या जोड्यांना तुमचा हात? मला नरकातसुद्धा जागा मिळायची नाही!"

"उपरण्यात बांधून आत नेलेत तर नरकात जागा नक्की," गुरू म्हणाले. "जोडे खाली ठेवा. पैसा द्या. आत जा."

शेठनी जोडे खाली ठेवले आणि पैसा दिला.

"आणि तान्हूबाई कुठे?" शिष्याने कसेबसे विचारले.

"आत. पहिल्या रांगेत बसवलीय. इतकी वर्षं तिला नुसता आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. आज ऐकू दे."

शिष्य आसनावर बसला. तो बोलायला लागला आणि काही वेळाने त्याच्या ध्यानात आले, की मंडपात हालचाल नाही. माणसे बोटाला चिंधी गुंडाळून त्याच्याकडे पाहत होती. एकटी तान्हूबाई तेवढी सवयीने अधूनमधून दाराकडे वळून बघत होती. मग तीही वळायची थांबली. शिष्याला आपलाच आवाज परका वाटू लागला. शब्द पुढे येत होते, आणि समोरची माणसे ते उचलून घेत होती.

प्रवचन संपले. नमस्कार करणाऱ्यांच्या गराड्यातून सुटल्यावर शिष्य धावतच दाराशी आला, त्याने गुरूंचे पाय धरले.

"गुरुजी, काल काय झालं आणि आज काय झालं?"

गुरू चिंध्या गोळा करत होते. त्यांचा चेहरा थोडा ओशाळल्यासारखा दिसत होता. काही सांगावे म्हणून त्यांनी तोंड उघडले, पुन्हा मिटले, आणि मग वेगळेच बोलले.

"लोकांना वाटतं, पैसा वहाणांचा आहे. वहाणा तर काल फुकटात राहिल्या. पैसा दाराकडे न बघण्याचा आहे, अरे. ती बाहेर बसते, म्हणून आपल्याला आत बसता येतं. आपण ऐकतो ते तिनं न ऐकलेलं असतं. माझ्या पायात काही नाही, पण माझ्यासमोर बसणाऱ्यांच्या पायात आहे. त्यांचं मन मला रोज मिळायचं, ते तिच्यामुळे. मी त्याचा पैसा देत होतो." चिंध्यांची गाठ मारत ते म्हणाले, "आणि बसणं सोपं नाही. मला नाही जमलं."

ही गुरूंची विनम्रता, असे शिष्याने मानले. त्याचे लक्ष आता पायरीखाली गेले होते. शेठ घरी निघाले होते, आणि ते अनवाणी चालत होते. लाल जोडे पायात नव्हते, हातात नव्हते, उपरण्यातही नव्हते. शिष्याचा ऊर भरून आला. आपल्या बोलण्याने एका व्यवहारी माणसाने जोड्यांचा मोह तिथल्या तिथे सोडला! दुसऱ्या दिवशी शेठनीच तान्हूबाईला बोलावून आणले, आणि त्यानंतर पैसा देताना कधी तोंड वाकडे केले नाही.

शिष्य घरी गेला नाही. तो जन्मभर बोलला. अनवाणी निघालेल्या शेठचा दाखला त्याने गावोगावी दिला. तरी वय वाढले तशी शंकाही वाढली. खरेच तसे झाले होते का? एका प्रवचनाने माणूस एवढा बदलतो का? गुरू निवर्तल्यावर बऱ्याच वर्षांनी त्या गावावरून जाताना राहवेना, म्हणून तो शेठच्या घरी गेला. शेठ आता अंथरुणाला खिळलेले होते. त्याने भीत भीत विचारले.

शेठ हसता हसता खोकू लागले.

"मोह कसला सोडतोय, शास्त्रीबुवा! जोडे चोरीला गेले होते माझे. मी बाहेर आलो तर तुमचे गुरुजी डोळे मिटून, मान डोलवत तुमचं प्रवचन ऐकत बसलेले. प्रवचन संपलं तरी डुलतायत. मी पुढ्यात उभा, तरी पत्ता नाही. मग डोळे उघडून हात जोडले त्यांनी मला. म्हणाले, 'जोडे भरून देतो, पण शिष्याला कळू देऊ नका. त्याचं ऐकता ऐकता मी राखण विसरलो हे कळलं, तर उद्यापासून तो माझ्यासाठीच बोलेल.'"

"आणि दिले?"

शेठनी कोपऱ्यातल्या फळीकडे बोट दाखवले. तिथे तसेच लाल जोडे ठेवलेले होते. चामडे सुकून तडकले होते, पण तळवे अजून कोरे होते. ते त्यांनी एकदाही पायात घातले नव्हते.