छताला टांगलेली पाटी

मंगल कार्यालयातल्या पायरीवरून पडून शालनताई धुमाळांचा खुबा मोडला. त्यांनी भरपाईचा दावा लावला.

कार्यालयाचे वकील रणदिवे कोर्टात गरजले, "'खाली बघून चाला' अशी पाटी तिथं होती. बाईंनी ती वाचल्याचं कबूलही केलंय. मग चूक कोणाची?"

चालताना माणसाची नजर कुठं जाते, याच्या अभ्यासक मृणाल खरवंडीकर साक्षीला उभ्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "पाटी लावलीय कुठं, साहेब?"

"पायरीच्या बरोब्बर वर, छताला!"

"आणि अक्षरं इतकी बारीक, की पायरीपाशी येऊन मान वर केल्याशिवाय वाचता येत नाहीत. बाई तुमची पाटी वाचत होत्या, म्हणूनच पडल्या."

रणदिवेंनी नकळत कोर्टाच्या छताकडे पाहिलं.

न्यायाधीश म्हणाले, "सांभाळून, रणदिवे. तुमच्याही पायाशी पायरी आहे."